शिकवण आणि शिधा

अंगणवाडीच्या भिंतीवर ‘तिरंगा थाळी’चे चित्र आता बऱ्याच ठिकाणी दिसते. पांढऱ्या भागात भात, भाकरी, दूध; हिरव्या भागात पालेभाज्या; केशरी भागात डाळ, गाजर, पपई. सप्टेंबरात पोषण माह आला की हीच थाळी रांगोळीत उतरते, फेरी निघते, घोषणा होतात आणि फोटो वरच्या कार्यालयात जातात. चित्रात चूक काहीच नाही. आहारशास्त्र सांगते तेच ते सांगते. पण मोखाड्यातल्या किंवा धडगावातल्या एखाद्या पाड्यावर ऑगस्टमध्ये भात अजून शेतात उभा असतो आणि घरातली कणगी रिकामी झालेली असते. त्या दिवसांत या चित्राकडे पाहणाऱ्या बाईने त्यातले काय आज रात्री चुलीवर ठेवायचे, याचे उत्तर त्या भिंतीवर सापडत नाही.

पोषणाचे शिक्षण आणि अन्नाचा पुरवठा ही आपल्याकडे दोन वेगळी खाती झाली आहेत. एक खाते सांगते, दुसरे वाटते. सांगणाऱ्याला ताटात काय पडले याची जबाबदारी नाही आणि वाटणाऱ्याला ते कुणी खाल्ले, कसे खाल्ले याची नाही. ही फारकत हेच आपल्या कुपोषणविरोधी कामाचे मूळ दुखणे आहे, असे माझे ठाम मत आहे. जे अन्न एखाद्या कुटुंबाच्या हाती त्या आठवड्यात येऊच शकत नाही ते खा म्हणून सांगणे हा उपदेश झाला, शिक्षण नव्हे. आणि जे अन्न निवडण्यात, रांधण्यात त्या कुटुंबाचा काहीच हात नाही ते पोटात जाईल अशी खात्री कुणी धरू नये.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, ३६ टक्के कमी वजनाची आहेत आणि दर चारातले एक मूल उंचीच्या मानाने रोडावलेले आहे. १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे; चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, हे प्रमाण ४८ टक्के होते. याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा फारसा चर्चेत येत नाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळणारी मुले राज्यात दहात एकाच्या आसपास आहेत.

हा शेवटचा आकडा नीट वाचायला हवा. राज्यातली दहापैकी नऊ घरे उपाशी नाहीत. म्हणजे ज्या घरांत डाळ आहे, तेल आहे, दूध आहे, तिथल्याही बाळाच्या वाटीत ते पोचत नाही. पगारदार घरांतही सात महिन्यांच्या बाळाला ‘वरणाचे पाणी’ पाजले जाते आणि डाळ खाली राहते. दीड वर्षाच्या मुलाला चहात बुडवलेले बिस्किट दिले जाते, रडले की पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट हातात पडते आणि जेवायच्या वेळी त्याची भूक मेलेली असते. तेव्हा ‘लोकांना सगळे कळते, फक्त पैसा नाही’ असे म्हणणे खरे नाही. शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते गरीब-श्रीमंत सगळ्यांनी शिकण्यासारखे आहे.

चांगले पोषण-शिक्षण म्हणजे काय, हे एका वाटीपुरते पाहता येते. बाळाचे पोट लहान असते. त्यात पातळ पेज भरली तर पोट भरते, ताकद मिळत नाही. म्हणून जाणती सेविका पेजेवर भाषण देत नाही. ती मऊ भात आणि घट्ट वरण बोटांनी कालवते, त्यात चमचाभर तेल घालते आणि चमचा तिरपा करून दाखवते. घास चमच्यावर टिकला तर तो बाळाच्या कामाचा. ओघळला तर त्यात पाणीच जास्त. मग ती तिथेच बसलेल्या आईला तो घास बाळाला भरवायला सांगते. बाळ पहिला घास थुंकून टाकते, दुसरा चघळते, तिसऱ्याला तोंड उघडते, आणि शेजारी बसलेली आजी हे सगळे पाहते. नाचणी असेल तर ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळायची. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळपास तिप्पट. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह कमी अंगी लागते, लिंबू पिळले की अधिक लागते. एवढ्या चार गोष्टी हातांनी करून पाहिलेल्या बाईला भिंतीवरच्या चित्राची गरज उरत नाही.

मात्र या धड्याला भात लागतो, डाळ लागते, तेल लागते. गाडी नेमकी इथेच अडते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार पूरक आहार हा अंगणवाडीतल्या मुलाचा हक्क आहे; मूळ कायद्यात त्याचे माप रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे होते. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला खर्च होता दिवसाला माणशी ८ रुपये; गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. आज एका अंड्याची किंमत बाजारात विचारून पाहा. आठ रुपयांत ते एक अंडे जेमतेम येते, आणि अंड्यात प्रथिने असतात साधारण सहा ग्रॅम. डाळीचे, तेलाचे, गॅसचे भाव वर्षागणिक वाढतात. ताटाचा दर मात्र कुणीतरी फाइल हलवेपर्यंत जागचा हलत नाही. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता किंमत निर्देशांकाशी बांधलेला आहे. मग मुलाच्या घासाला तो न्याय का नाही?

पैसा अपुरा आहेच, पण आहे तो कसा खर्च होतो हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राला वरून अन्न वाटण्याची जुनी सवय आहे. १९७२ च्या दुष्काळात कामांवर सुकडी वाटली गेली, रेशनवर परदेशी मिलो (लाल ज्वारी) आला आणि त्या वेळी त्यावर माणसे जगली. संकटकाळात तेच योग्य होते. पण तोच प्रकार पुढे नेहमीच्या व्यवस्थेत मुरला. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि मातांसाठी घरपोच आहार म्हणून कोरडी पाकिटे आली. चव एकसारखी, पीठ न ओळखता येणारे, कुठे आणि कधी तयार झाले ते गावाला ठाऊक नाही. ही पाकिटे गुरांच्या दावणीत रिकामी होतात, असे वृत्तांत वर्षानुवर्षे येत राहिले. त्यावर ‘लोकांना किंमत नाही’ असा शेरा मारला जातो. मला त्यात लोकांनी दिलेले मत दिसते. जे आपण खाल्ले नसते ते त्यांनीही खाल्ले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत. हे काम शक्यतो ग्रामसमुदाय, बचतगट, महिला मंडळे यांच्याकडे द्यावे. चौदा वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, याच न्यायालयाला महाराष्ट्रातल्या पूरक आहाराच्या निविदा रद्द करून नव्याने प्रक्रिया करायला सांगावे लागले, कारण बचतगटांसाठी ठेवलेल्या कामात अटी अशा होत्या की गावातला खरा बचतगट त्यात बसूच शकत नव्हता. लाखो रुपयांची उलाढाल आणि यंत्रसामग्री असलेला तो बचतगट, आणि शंभर-शंभर रुपये जमवून उभा राहिलेला नाही, असा त्या अटींचा अर्थ होता.

दुसरी वाट याच राज्यात दाखवली गेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले, तेव्हा त्यांच्याकडे औषधे होती आणि लोकांना हवे होते पाणी आणि अन्न. दुष्काळात त्यांनी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू केली. शेतकरी मंडळांनी जागा दिली, जळण दिले, पुढे धान्य पिकवले. एका पंगतीत सगळ्या जातींची मुले बसू लागली; त्या काळच्या नगर जिल्ह्यात ही लहान गोष्ट नव्हती. या कामातून गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित, स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. वजन कसे करायचे, अतिसारात काय पाजायचे, सहा महिन्यांनंतर काय भरवायचे, हे त्यांनी शिकून घेतले आणि शेजारणींना शिकवले. त्यांच्या आरोग्य प्रकल्पाच्या नोंदीनुसार त्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. पंगत आणि पाठ तिथे एकाच जागी होते, शिकवणारीही गावचीच होती, आणि हेच त्या यशाचे मर्म आहे.

शासनाला हे जमत नाही असेही नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत दिवसातून एक वेळ पूर्ण, गरम जेवण: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चिक्की, सोबत अंडे, केळे किंवा नाचणीचा हलवा. पुढच्या वर्षी मुलांनाही अंडी किंवा केळी मिळू लागली. गावच्या आहार समितीने पैसे हाताळायचे, बाजार तिथेच करायचा, सेविका आणि मदतनीस यांनी रांधायचे. मला ही योजना महाराष्ट्राच्या पोषण-धोरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, आणि त्याचे कारण केवळ कॅलरी नाही. एरवी सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खाणारी सून इथे ऊन ताट पुढ्यात घेऊन बसते. शेजारी आणखी चारजणी असतात. कुणाचे पाय सुजलेत, कुणाच्या बाळाने दूध सोडलेय, हे जेवता जेवता निघते आणि अंगणवाडी ताई तिथल्या तिथे सांगते. रोज पालेभाजी खाऊन तिची सवय होते, रोज डाळ घट्ट पाहून घरची डाळ पातळ वाटू लागते. शिक्षण म्हणतात ते हेच.

योजनेची दुखणीही उघड आहेत. सुरुवातीला ताटामागे २२ रुपये होते, पुढे २५ झाले, मग ३५. एवढ्यात हे ताट भरताना सेविकेची कसरत होते. निधी महिनोन्‌महिने उशिरा येतो आणि ती किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी करते. ज्या बाईच्या मानधनाचे आंदोलन दरवर्षी रस्त्यावर येते, तिने सरकारी योजनेला उसने भांडवल पुरवायचे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शिवाय दूरच्या पाड्यावरची, दिवसभर मजुरीला गेलेली बाई दुपारी अंगणवाडीत येऊ शकत नाही. डबा घरी गेला की त्याचे पाच वाटे होतात. आईने आपल्या पोरांना न देता एकटीने खावे, अशी अपेक्षा कोण करील? त्यावर उपाय आईला ताकीद देणे हा नाही. घरातल्या बाकीच्यांच्या ताटाची सोय करणे हा आहे.

ती सोय रेशनच्या दुकानात होऊ शकते. कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या व्यवस्थेने भूक खरोखर मागे हटवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ आणि तेल दिवाळीला, गणपतीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून आले, सणाबरोबर गेले. तमिळनाडूत तूरडाळ आणि तेल रेशनवर नियमित मिळते. कर्नाटक नाचणी आणि ज्वारी रेशनवर देते. ओडिशाने २०१७ पासून मिलेट मिशन चालवून आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी विकत घेतली आणि तीच रेशनवर परत लोकांना दिली. ज्वारी पिकवण्यात देशात पहिला असणारा महाराष्ट्र हे मोठ्या प्रमाणावर का करू शकत नाही? सोलापूर, मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी आणि तूर, जव्हार-अक्कलकुव्याची नाचणी आणि वरई यांना हमखास गिऱ्हाईक मिळेल आणि गरिबाच्या ताटात भाकरीबरोबर आमटीही येईल. स्वस्त गहू-तांदळाने भाकरी मागे पडली. ती परत आणायची तर २०२३ चे भरडधान्य वर्ष साजरे करून भागत नाही, खरेदीची व्यवस्था लागते.

परसबाग आणि रानभाज्या यांचाही इथे विचार हवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वालाचे, घेवड्याचे, पालेभाज्यांचे बियाणे बायकांच्या हातात राहिले तर घराच्या मागच्या दारी भाजी राहते, हा त्यांच्या कामाचा व्यवहारी अर्थ. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळी, करटोली, भारंगी रानात मिळतात आणि त्यांची ओळख आदिवासी आजीला आपल्या कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त असते. पोषण-शिक्षणाने ती ओळख जपावी, तिला प्रतिष्ठा द्यावी. तरी एक भान ठेवायला हवे. पालेभाजीने जीवनसत्त्वे मिळतात, खनिजे मिळतात. ताकद आणि प्रथिने डाळ, तेल, अंडी, दूध, मासे यांतून येतात. मार्च ते मे पाण्यासाठी दोन मैल चालणाऱ्या बाईला परसबागेचे बियाणे देऊन सुटका करून घेता येत नाही. परसबाग हा पुरवठ्याचा पूरक भाग आहे, पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट आपण सतत विसरतो. धडा कुणाला द्यायचा? आजवर तो फक्त आईला दिला गेला. घरात बाजार पुरुष करतो, बाळाला पहिला घास कधी द्यायचा हे सासू ठरवते, आणि जाब मात्र सुनेला विचारला जातो. म्हणून भरवण्याचे प्रात्यक्षिक सासवांसमोर झाले पाहिजे, आणि मजुरीचा पैसा हातात पडतो त्या आठवडी बाजाराच्या दिवशी बापांशी बोलले पाहिजे. दिवाळीनंतर पालघर आणि नंदुरबारमधली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, परराज्यात जातात. बीडची ऊसतोडीला जातात. चार-सहा महिने ही मुले अंगणवाडीच्या पटावर असतात, ताटावर नसतात. दंडघेर मोजण्याच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेला हात तीव्र कुपोषणाची खूण मानतात. तो हात कुठल्या गावच्या रजिस्टरात आहे हे न पाहता, मूल जिथे असेल तिथल्या अंगणवाडीने त्याला जेवू घातले पाहिजे.

हे सगळे अशक्य आहे का? महाराष्ट्राचाच अनुभव वेगळे सांगतो. १९९२-९३ मध्ये जव्हारमधल्या वावर-वांगणीत आणि मेळघाटात कुपोषणाने बालके दगावली, राज्य हादरले. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. असे मिशन काढणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर भर, रिकाम्या जागा भरणे, आरोग्य आणि अंगणवाडी यांना एका टेबलावर आणणे, आकडे न लपवणे, असे ते काम होते. २००५-०६ ते २०१२ या काळात दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांपर्यंत खाली आला. त्याचे श्रेय एकट्या मिशनचे नाही. उत्पन्न, मुलींचे शिक्षण, लग्नाचे वय यांचाही त्यात वाटा आहे. पण सरकारने मनावर घेतले तर चित्र हलते, एवढे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतरची गती मात्र मंदावली. पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ३५. आपण थांबलो आहोत.

थांबल्याची एक ताजी खूणही आहे. २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला आणि अंडी हवी असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत असे सांगितले. लोकसहभाग म्हणजे लोकांनी ठरवणे, रांधणे, हिशोब पाहणे. सरकारने द्यायचे अंडे गरिबाने आपल्या खिशातून द्यावे, याला लोकसहभाग म्हणता येणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पूरक आहाराचा दर महागाई निर्देशांकाशी बांधा आणि निधी आगाऊ द्या. पाकिटांऐवजी गावात रांधलेले ताजे अन्न हाच नियम करा, अमृत आहाराची पद्धत आदिवासी भागाबाहेरच्या गरीब वस्त्यांत आणि शहरांतल्या झोपडपट्ट्यांतही न्या. रेशनवर डाळ, तेल आणि ज्वारी-नाचणी कायमची द्या. शाळेतले अंडे परत द्या. आणि अंगणवाडी सेविकेला फॉर्म, ॲप, फोटो यांतून इतकी तरी मोकळीक द्या की तिला रोज एका आईजवळ अर्धा तास बसता येईल.

वाचकांनाही एक विनंती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास आपापल्या गावात ग्रामसभा भरते. शहरात असाल तर वस्तीतली अंगणवाडी चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिथे जा आणि तीन गोष्टी विचारा: आहाराचे पैसे शेवटचे कधी आले, काल ताटात काय होते, आणि गेल्या महिन्यात किती मुलांचे वजन वाढले नाही. ही उत्तरे चारचौघांत मोठ्याने द्यावी लागली, तर पुढच्या महिन्याचे ताट अधिक भरलेले असेल.